हरकतीचे पंधरा दिवस

अक्का आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही लेखी. एरवी ती इतकी सरळ, की पँट आखूड करताना बोटभर जास्त कापली गेली तर गिऱ्हाइकाने बघायच्या आधी स्वतःच सांगायची, "घ्या, वाट लावली मी तुमच्या पँटची. शिलाई देऊ नका, वर चार शिव्या द्या." घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. नवे कपडे ती शिवत नसे. उसवलेलं सांधायचं, ढगळ असेल ते आत घ्यायचं, आखूड झालेल्याची दुमड उकलून दोन बोटं लांबी काढायची, हे तिचं काम. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सुईत दोरा ओवायला तिला कुणाला हाक मारावी लागत नसे, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय राहत नसे.

मागच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ राहायचा. बायको वारल्यावर तो बहिणीकडे आला तेव्हा दोन पेट्या घेऊन आला, एकीत कपडे आणि दुसरीत कागद. कागदांची पेटी मोठी होती. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्याने चौतीस वर्षं काढली होती. तिथे त्याला मागून 'रजिस्टर' म्हणत. पुढे तोंडावरही म्हणायला लागले, तर गडी खूशच झाला. घरात मात्र तो पहिल्यापासून भाऊ, नुसता भाऊ.

माणूस वाईट नव्हता. कुणाचा फुकटचा चहासुद्धा त्याने कधी घेतला नाही. अक्षर मोत्यासारखं. पण खिडकीमागे बसला की तोंडात एकच प्रश्न, "कागद आहे?" एकदा एक म्हातारी लेकीचं जन्मसाल दुरुस्त करायला आली. म्हणाली, "साहेब, मी जन्म दिलाय हो तिला, मला नाही का ठाऊक?" भाऊ म्हणाला, "बाई, तुम्हाला ठाऊक आहे, पण रजिस्टरला ठाऊक नाही." अर्ज करा, त्याची नोटीस पंधरा दिवस फळ्यावर लागेल, कुणाची हरकत नसेल तर दुरुस्ती. म्हातारीला त्याने चार खेपा घालायला लावल्या. हा किस्सा तो घरी रंगवून सांगायचा, आणि अक्का मान खाली घालून मशीन जोरात चालवायची.

भावाचे केस पस्तिशीत पिकले, दाढा पन्नाशीत हलल्या. कचेरीतले म्हणायचे, "रजिस्टर, तुमची नोंद बरोबर आहे, देहच चुकलाय." भावाने हा विनोद घरी येऊन सांगितला त्या दिवशी अक्काच्या बोटात सुई गेली होती.

तर एके दिवशी जिना चढताना भावाला घेरी आली. चार दिवस छातीत पिशवीत पाखरू कोंडल्यासारखं होत होतं, पण त्याने ते पोटातच ठेवलं होतं. अक्का त्याला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला मोकळी. तिने भावाच्या छातीला चकत्या लावून ठोक्यांचा कागद काढला आणि त्याच्यासमोर पसरला.

"हे बघा काका, ठोक्यांना ना ताल, ना धड अंतर. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळले जात नाहीयेत, नुसते थरथरताहेत. मग रक्त तिथे रेंगाळतं. रेंगाळलं की साकळतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली, की अर्धांगवायू."

"जाईल का पण?" भावाने विचारलं. कागद समोर आला की त्याला आजाराचीही भीती वाटत नसे.

"ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. आम्ही अंदाज बांधतो. त्याचे गुण असतात, आपण मांडू." तिने कोऱ्या कागदावर खाली खाली लिहायला घेतलं. हृदय कमजोर झालंय का? नाही, शून्य. मधुमेह? शून्य. आधी कधी झटका? शून्य. रक्तवाहिन्यांत अडथळा? शून्य. रक्तदाब? तो आहे, एक.

"वय?"

भावाने खिशातून जन्माचा दाखला काढला. प्लॅस्टिकमध्ये घातलेला असायचा आणि खिशातच असायचा. "चौसष्ट वर्षं एक महिना."

"पासष्टच्या आत, म्हणजे शून्य. पासष्टला एक मिळतो, पंच्याहत्तरला दोन." तिने बेरीज केली. "एकूण एक. एक असला तर आम्ही विचार करतो, दोन झाले की रक्त पातळ करणारी गोळी सुरू करतो. तुमच्या पोटातून मागे एकदा अल्सरमुळे रक्त गेलंय, ते या गोळीने पुन्हा वाहू शकतं. म्हणून आत्ता फक्त ठोके आवरायची गोळी देते. पासष्ट पूर्ण झाले की लगेच यायचं."

"बघ अक्का," भाऊ उठता उठता म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कमी गुण मिळवून पास झालो."

डॉक्टरीणबाई हसली. अक्का हसली नाही. एक आणि एक दोन, ही बेरीज पहिलीतल्या पोराला येते, आणि ती घरी जाईपर्यंत तेवढी एकच बेरीज करत राहिली. भाऊ चौसष्टचा नव्हता. सदुसष्टचा होता.

हे जगात एकट्या अक्काला माहीत होतं. भाऊ जन्मला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि बाळाला पुसायचं फडकं तिच्याच हातात होतं. घरातलं बाळंतपण, नोंद करायला कुणाला सवड नव्हती. घरात सगळे त्याला भाऊ म्हणत, तेच नाव झालं. तीन वर्षांनी आणखी एक भाऊ झाला, तो दवाखान्यात, म्हणून त्याचा दाखला मिळाला, नावासकट. तो धाकटा चौदा महिन्यांचा होऊन तापाने गेला. वडील पाण्याच्या टाकीवर पहारेकरी, दोन दोन पाळ्या करायचे. मूल गेल्याची नोंद करायला ते गेलेच नाहीत. आईने त्या दिवसापासून अंथरूण धरलं आणि तीन वर्षांनी तीही गेली.

अक्का पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिला शिवणाच्या कारखान्यात काज-बटणाचं काम मिळालं. आठ वर्षांच्या भावाला दिवसभर ठेवायचं कुठे? ती त्याला शाळेत घेऊन गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "जन्माचा दाखला आण. आणि आठ वर्षांचा असेल तर पहिलीत नाही घेता येणार. दाखला नसेल तर अर्ज कर, पाच-सहा महिने लागतील." कामावर दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. अक्का घरी आली, आईच्या ट्रंकेतून धाकट्याचा दाखला काढला आणि पुन्हा शाळेत गेली. पाच वर्षांचा, हे नाव, हा जन्म. सततच्या आजारपणाने भाऊ एवढासा होता, कुणाला शंका आली नाही. खाली तिने सही केली. घरी येताना तिने त्याला सांगितलं, "शाळेत तुझं हे नाव बरं का," आणि पोराने ते नवी चप्पल मिळाल्यासारखं आनंदाने घेतलं. आपलं वय किती हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

साठ वर्षं हे तिच्या पोटात होतं. आधी वाटायचं, मोठा झाला की सांगू. मोठा झाला आणि नेमका त्या कचेरीत चिकटला! मग कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार बंद ठेवून ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईने सगळं ऐकून घेतलं आणि पुरावा वगैरे काही मागितला नाही. वयाच्या रकान्यात खाडाखोड करून सदुसष्ट लिहिलं, खाली बेरजेत दोन लिहिले आणि गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ. पोटाला जपायची गोळी वेगळी.

"पण का बदललं ते त्यांना सांगावं लागेल, आजी."

"त्याला साखर निघाली म्हणा ना," अक्का अजिजीने म्हणाली. "मधुमेहाचाही एक गुण असतो ना? तेवढंच बोला. तुमच्या पाया पडते."

"एका खोट्यावर दुसरं रचायला नको. तुम्हीच सांगा. आजच सांगा."

अक्काने सांगितलं. भाऊ जेवून हात पुसत होता. तिने गोळ्यांची पट्टी त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं एका दमात ओकून टाकलं, धाकटा, ट्रंक, मुख्याध्यापक, सही. भाऊ ऐकत राहिला. मग त्याने खिशातला दाखला काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे हा मेलेल्याचा आहे."

"हो."

"नावसुद्धा."

"भाऊ, मी पंधरा वर्षांची होते रे..."

"त्या म्हातारीला मी चार खेपा घालायला लावल्या," तो म्हणाला. "साल फक्त दोन वर्षांनी चुकलं होतं तिच्या लेकीचं. आणि मी खिशात हे घेऊन तिथे बसलो होतो."

अक्का रडायला लागली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. उठला, आतल्या खोलीत गेला, पेटी उघडल्याचा आवाज आला. तासाभराने इस्त्रीचा सदरा घालून, हातात कागदांची पिशवी घेऊन बाहेर आला. तिच्यासमोर एक निवेदन ठेवलं, 'मी, मोठी बहीण, असे सांगते की', खाली सहीची जागा. "सही कर." तिने केली. तो तडक कचेरीत गेला आणि अर्ज देऊन, पोच घेऊन परत आला. धाकट्याच्या मृत्यूची नोंद आणि स्वतःच्या वयाची दुरुस्ती, दोन्ही एकदमच.

"झालं ना आता? मग गोळी घे," अक्का म्हणाली.

"झालं कुठे? पंधरा दिवसांची नोटीस आहे. दुरुस्ती होईपर्यंत मी चौसष्टचा. चौसष्टच्या माणसाने सदुसष्टचं औषध घ्यायचं, ही कुठली पद्धत?"

आधी तिला वाटलं तो थट्टा करतोय. थट्टा नव्हती. आपण आयुष्यभर खोट्या नोंदीवर जगलो, आता एकही गोष्ट नोंदीआधी करणार नाही, असं त्याने घेतलं होतं मनात. घोडं तिथेच अडलं. अक्काने दवाखान्यात फोन लावून त्याच्या कानाशी धरला. डॉक्टरीणबाई त्याला दहा मिनिटं समजावत होती.

"दोन गुण असले तर वर्षाला किती जणांना झटका येतो?" भावाने विचारलं.

"गोळी नाही घेतली तर साधारण शंभरात दोघांना, काका."

भावाने अर्जाच्या पोचपावतीमागे गणित केलं. "वर्षाला शंभरात दोन, म्हणजे पंधरा दिवसांत हजारात एकसुद्धा नाही. बरोबर?"

"गणित बरोबर आहे. पण ते पुष्कळ माणसांचं मिळून आहे. हजारात एक कमी असला तरी तो कुणीतरी असतोच ना? तो कोण, हे मला सांगता येत नाही, म्हणून तर थांबू नका म्हणते."

"मी कशातच हजारातला एक नव्हतो," भाऊ म्हणाला आणि फोन अक्काच्या हातात दिला.

तिथून अक्काचे दिवस सुरू झाले. सकाळी ती चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवायची, तो ती बोटाने बाजूला सारून चहा प्यायचा. संध्याकाळी ताटाशेजारी ठेवायची, तो उचलून डब्यात परत ठेवायचा, मोजून. तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. रोज सकाळी चालत कचेरीत जाऊन फळ्यावरची आपली नोटीस जागेवर आहे ना ते बघून यायचा. ती रडली, भांडली, उपाशी राहिली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तो झोपला की ती दारात उभी राहून त्याची छाती वरखाली होते का बघायची. मशीनवर बसली की शिवण वाकडी जायची. एका माणसाच्या पँटचा एक पाय तिने दुसऱ्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड केला, आणि या वेळी त्याला आपणहून सांगायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

नवव्या दिवशी तिने एक गोळी वाटीत कुस्करली. चहात टाकली की काम झालं. हात कपावर नेला आणि तसाच थांबला. याला एकदा न विचारता नाव दिलं, वय दिलं, आता न विचारता औषध? तिने ती वाटी मोरीत धुऊन टाकली. पुढे मात्र ती वाटी धुऊन टाकल्याबद्दल ती स्वतःला कधीच माफ करणार नव्हती.

बारावा दिवस. भाऊ कचेरीतून आला, चप्पल काढून खुर्चीत बसला. अक्काने चहा ठेवला, शेजारी गोळी ठेवली.

"अजून हरकत नाही कुणाची," तो म्हणाला. निदान तिला तसं ऐकू आलं, कारण शेवटचे शब्द जाड होत होत एकमेकांत मिसळले. कप हातातून निसटला. तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली. तो आश्चर्याने आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, तो हात भलत्याच कुणाचा असल्यासारखा.

अक्काने काय करावं? तिने ती गोळी उचलून त्याच्या तोंडात घातली. "घे, आता तरी घे," असं ओरडत तिने ती जिभेवर दाबली, आणि गोळी लाळेबरोबर कोपऱ्यातून बाहेर येऊन सदऱ्यावर पडली. ओरडा ऐकून शेजारचा सुतार धावत आला. त्यानेच भावाला उचलून गाडीत घातलं.

मोठ्या दवाखान्याच्या खिडकीत कारकून होता. "पेशंटचं वय?"

"सदुसष्ट."

"काही कागद आहे?"

"मी आहे कागद!" अक्का एवढ्या मोठ्याने ओरडली की बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "मी बघितलाय त्याला जन्मताना! लिही, सदुसष्ट लिही!" कारकुनाने मुकाट्याने लिहिलं.

भाऊ वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरीणबाई तिसऱ्या दिवशी आपणहून भेटायला आली. अक्का तिला व्हरांड्यात म्हणाली, "हजारात एकसुद्धा नाही, म्हणाला होता ना तो."

"गणित चुकलं नव्हतं त्यांचं," डॉक्टरीणबाई म्हणाली. अक्काला वाटत होतं, हिने तरी आपल्याला दोष द्यावा, तोंडावर द्यावा. तिने दिला नाही. मग अक्काने एकटीनेच तो घेतला आणि खाटेशेजारच्या स्टुलावर दिवसच्या दिवस बसून राहिली. भाऊ डोळे मिटून असायचा. तिला खात्री होती, आपलं तोंड बघायचं नाही म्हणूनच मिटून घेतो.

मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना हे बघून तिथल्या डॉक्टरांनी अखेर तीच गोळी लिहून दिली. नर्सने ती भावाच्या ओठाशी नेली. त्याने दात घट्ट आवळून घेतले. नर्सने गोड बोलून पाहिलं, मग दरडावलं. दात सुटेनात. त्याच दुपारी कचेरीतला शिपाई एक पाकीट घेऊन आला. नोटीस संपली होती, हरकत कुणाची नव्हती.

अक्काने भावाच्या कानाशी वाकून हुकूम वाचला. जावक क्रमांकापासून वाचला, तारीख, विषय, संदर्भ, काही गाळलं नाही. "अर्जदाराचे वय सदुसष्ट वर्षे असल्याचे मान्य करून तशी दुरुस्ती करण्यात येत आहे." भावाने डोळे उघडले. डावा हात उचलून तो कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर नेला, शिक्का जिथे असतो त्या जागी, आणि बोटाने चाचपला. शिक्का होता. त्याने तोंड उघडलं.

तिने गोळी जिभेवर ठेवली, चमच्याने पाणी घातलं, हनुवटीवरचं पदराने पुसलं. त्याने गिळली. मग तो पुन्हा डोळे मिटून पडला.

पाकिटात त्याच्या अर्जाची नक्कल होती. तो अर्ज तिने पाहिलाच नव्हता, त्या दिवशी त्याने तिला फक्त निवेदन दाखवलं होतं. तिने चष्मा लावला. पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत तेच मोत्यासारखं अक्षर, उजव्या हाताचं. 'खोटी माहिती देणाऱ्यावर कारवाई होईल' असं छापलेलं तिने वाचलं आणि तिच्या पाचावर धारण बसली. त्याच्याच वर एक रकाना होता, 'चुकीची नोंद होण्याचे कारण'. बहिणीने फसवलं, असंच असणार. ते वाचायची तिची तयारी होती. तिने कागद डोळ्यांजवळ आणला.

रकान्यात तीन शब्द होते. 'बहीण लहान होती.'

खाली सही होती आणि सहीखाली तारीख. अर्ज दिला त्या दिवशीची, म्हणजे तिने सांगितल्यावर तासाभरातली.